चोवीसचा नट

अंजनेरी फाट्याला उतरलो तेव्हा सव्वासहा.
जानेवारी. शर्वरी खैरनारने चहाचा ग्लास
दोन्ही तळव्यांत धरला, प्यायली नाही.
म्हणाली, बोटं गरम करतेय.
तिची बोटं दिवसभर लोकांच्या शिरा शोधतात
कॉलेज रोडच्या एका लॅबमध्ये.
हॉलमधल्या भिंतीवर भरपूर चढलीय,
लाल-पिवळ्या प्लास्टिकवर, खाली गादी.
कातळावर आज तिसऱ्यांदा.

भेगेचं नाव आमच्यात 'वकीलसाहेब'.
आत सहज घेते, बाहेर सोडत नाही.

पायथ्याशी तिच्या हातांच्या पाठींवर चिकटपट्टी गुंडाळली.
तळवा उभा आत सरकव. अंगठा मुडप. फुगव.
इथं दगडाला धरायचं नाही,
दगडात अडकायचं.
दुखतंय, म्हणाली.
दुखलं म्हणजे बसलं, मी म्हणालो.
हे वाक्य मला कुणीतरी दिलेलं,
तसंच पुढे खपवलं.

पुढे मी. कमरेला कॅम, नट, कड्या,
पोळ्याच्या बैलासारखा किणकिणत.
दीड-दीड पुरुषावर एकेक कॅम.
मधे भेग आवळते, पाय नीट बसत नाही,
तिथे सात नंबरचा नट सारला
आणि खाली झटका दिला.
जरा जास्तच दिला.
खालून ते दिसलं नसावं.

वर तीन ठिकाणी बांधून घेतलं. 'ये!' ओरडलो.
वारा ते अक्षर त्र्यंबककडे घेऊन गेला.
दोर तीनदा ओढला. थोड्या वेळाने ढील आली,
म्हणजे निघाली.

वरून ती दिसत नाही. दोर दिसतो.
वीतभर ढील. थांबली. हातभर.
मग काहीच नाही.
एक गिधाड माझ्या पायांखालून गेलं,
पाठ दिसली त्याची, धुळकट.
गंगापूर धरणावर ऊन सरकलं.
दोर तसाच.

सोड तो नट, ओरडलो. नऊशे रुपयांचा आहे, सोड!
'काय सोडू? दोर?'
दोर नाही गं बाई! नट! नट!
हसू आलं नाही तेव्हा. घाम आला.

पाऊण तासाने केस, मग कपाळ, मग कोपर
रक्ताळलेलं, वर आलं.
दातांत काहीतरी धरलेलं.
माझ्या हातावर ठेवलं.
'तुमचा नाही निघाला. त्याच्या मागे हा होता. हा निघाला.'

मशीनचा नट. चोवीसचा. आतले आटे
कानशीने घासून काढलेले, म्हणजे दोरी कापू नये.
दोरीचं आता जटेसारखं काहीतरी उरलेलं.
एकतीस वर्षं सातपूरला लेथवर आहे मी,
कानस वाचता येते.
पाच बाजू निगुतीने मोडल्यात.
सहावी घाईत. पाळीची घंटा झाली असेल.

कुणाचा?
माहीत नाही. तेव्हा विकत मिळायचं नाही काही,
कंपनीतून खिशात घालून आणायचे लोक.
कसा काढलास?
'शीर सापडली नाही तर सुई आणखी खुपसायची नसते.
थोडी मागे घ्यायची. मग वळवायची.'
मी मान हलवली, जणू मला तपासायचंच होतं.

पेरू कापला, तिखट-मीठ लावलं.
खाता खाता म्हणाली,
'तिथे घाबरला होता ना तुम्ही?'
कशावरून?
'दोर थरथरत होता.'

उतरताना तिच्या मुठी मिटत नव्हत्या.
उद्या सातला उपाशीपोटीवाल्यांची रांग.
बसमध्ये मी तो नट खिशात फिरवत राहिलो,
अंगठा पुन्हा पुन्हा सहाव्या बाजूवर.

माझा सात नंबर वकीलसाहेबांकडेच राहिला.
निघेल कधीतरी, कुणाकडून तरी.
त्याला कळेलच
किती जोरात ओढला होता.